तलवारबाजीचा पहिला धडा

तलवार हा शब्द कानीं पडतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें गड, घोडा आणि वर उचललेला हात उभा राहतो. तलवारबाजीचा खेळ शिकावयास प्रथमच आलेल्या मुलाच्या मनांतहि बहुधा हेंच चित्र असतें. परंतु पहिल्या दिवशीं त्याच्या हातीं तलवार पडत नाहीं. त्याला उभें राहावयास शिकवितात. उजवें पाऊल समोर, डावें त्याच्याशीं काटकोन करून मागें, दोन्ही गुडघे किंचित् वांकलेले आणि पाठ ताठ. हाच पवित्रा. मग एक पाऊल पुढें, एक पाऊल मागें. पुन्हा पुढें, पुन्हा मागें. कित्येक दिवस हाच क्रम चालतो. मांड्या भरून येतात. तलवार केव्हां मिळणार, हा प्रश्न रोज विचारला जातो. आणि त्याचें उत्तर मिळण्यापूर्वींच कांहीं मुलें यावयाचीं थांबतात.

या कंटाळवाण्या पावलांतच साऱ्या विद्येचें मूळ आहे. चालतांना माणसाचा एक पाय दुसऱ्यास ओलांडून पुढें जातो. पवित्र्यांत मात्र पुढचें पाऊल आधीं सरकतें आणि मागचें त्याच्या पाठोपाठ तेवढेंच येतें. मागें हटतांना याच्या उलट. त्यामुळें तोल क्षणभरहि सुटत नाहीं. सामना होतो ती पट्टी १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते. मागच्या शेवटच्या रेषेपलीकडे दोन्ही पाय गेले, तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. म्हणजे मागें हटण्यास मुभा आहे, पळून जाण्यास नाहीं. किती हटावें आणि कोठें थांबून परत फिरावें, हें ज्याच्या पायांस कळलें, त्याच्याच हातांत तलवार शोभते.

या खेळांत तीन शस्त्रें आहेत. फॉईलचें टोंक केवळ धडास लागलें पाहिजे. इपीचें टोंक डोक्यापासून पायापर्यंत कोठेंहि चालतें. सेबरनें कमरेच्या वरील भागावर धारेनें अथवा टोंकानें वार करतां येतो. नवशिक्यास पुष्कळदा प्रथम फॉईल देतात. तिचें वजन अर्ध्या किलोहून कमी आणि एकूण लांबी फार तर ११० सेंटिमीटर. फॉईलचा आणि सेबरचा एक नियम शिक्षणाच्या दृष्टीनें मोलाचा आहे. ज्यानें आधीं चढाई केली, त्याचा हक्क पहिला. दुसऱ्यानें ती चढाई आधीं अडवावी किंवा चुकवावी आणि मगच आपला वार करावा. राग आला म्हणून एकदम हात चालविणाऱ्याचा वार लागला, तरी त्याचा गुण दुसऱ्याच्याच पदरीं पडतो.

महाराष्ट्रास ही शिस्त अगदींच परकी नाहीं. आपल्या आखाड्यांत फरी-गदगा होता. लहान ढाल आणि चामड्यानें मढविलेली काठी घेऊन मुलें वार व बचाव शिकत, आणि तेथेंहि पवित्रा हाच पहिला धडा असे. दांडपट्ट्यास तर २०२४ सालीं महाराष्ट्राचें राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. परंतु पट्ट्याचा हात आणि फॉईलचा हात यांत मोठा भेद आहे. पट्ट्यांत हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणींत जातो; मनगट बांधलें जातें आणि वार खांद्यांतून व साऱ्या अंगाच्या फिरकींतून निघतो. फॉईल बोटांनीं चालते. म्हणून पट्ट्यांत तयार झालेल्या माणसासहि येथें बरेंच विसरावें लागतें. त्याच्या उपयोगीं पडतात ते त्याचे पाय.

अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविण्यास गेलें होतें. त्याच ऑलिंपिकमध्यें इपीच्या सामन्यांत विजेची योजना प्रथम आली; टोंक अंगास लागलें कीं दिवा पेटूं लागला. त्यापूर्वीं सारा भरंवसा पंचांच्या डोळ्यांवर आणि खेळाडूंच्या सचोटीवर होता. आपल्याला वार लागला, हें ज्याला लागला त्यानेंच मोठ्यानें सांगावें, अशी जुनी रीत होती. ज्या मंडळाजवळ विजेचीं यंत्रें नाहींत, त्यानें ही रीत आजहि पाळण्यासारखी आहे. पराभव आपल्या तोंडानें कबूल करण्याची संवय दिव्यानें लागत नाहीं.

आतां सातपुड्यांतील धडगांवकडे वळूं या. अक्राणी तालुक्याचें हें मुख्य ठिकाण १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत आहे. भिल्ल आणि पावरा लोकांचा हा मुलुख. उत्तरेस नर्मदा, आणि तळोद्याकडे उतरावयाचें तर वाटेंत चांदसैलीचा घाट. येथील मुलांचे पाय चढउतारानें घडलेले असतात. बांबूचें धनुष्य आणि त्यास बांबूच्याच सालीची दोरी, असा तीरकामठा त्यांच्या वाडवडिलांच्या हातांत होता. अंतर डोळ्यानें मोजणें आणि वेळ येईपर्यंत स्थिर राहणें, हे दोन्ही गुण तलवारबाजीसहि लागतात. फरक एवढाच कीं, तिरंदाजाचें लक्ष्य उलट वार करीत नाहीं.

अशा ठिकाणीं एखाद्या मंडळानें हा खेळ सुरू करावयाचें मनांत आणलें, तर पहिली अडचण पैशाची येते. पोशाख, मुखवटा, तलवार, विजेचें यंत्र, सारेंच महाग. येथें चेन्नईच्या भवानी देवी यांचें उदाहरण ध्यानांत घ्यावें. त्यांनीं २००४ सालीं शाळेंत हा खेळ धरला, तेव्हां सरावासाठीं बांबूच्या काठ्या होत्या. पुढें तुर्कस्तानांत आपल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत तीन मिनिटें उशीर झाला म्हणून त्या बाद ठरल्या. त्याच भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्यें उतरणाऱ्या पहिल्या भारतीय तलवारबाज झाल्या. २०२१ सालीं झालेल्या त्या स्पर्धेंत त्यांनीं पहिला सामना १५–३ असा जिंकला आणि दुसरा ७–१५ असा गमावला. २०२३ सालीं आशियाई अजिंक्यपद स्पर्धेंत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें.

बांबू सातपुड्यांत दुर्मिळ नाहीं. परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. काठीनें पावलें शिकावींत, भिंतीवर टांगलेल्या उशीवर नेम धरावा, हात लांबवून झेप घेण्याचा सराव करावा. मुखवट्यावांचून मात्र दोन मुलांस समोरासमोर उभें करूं नये. १९८२ सालीं रोमच्या जागतिक स्पर्धेंत प्रतिस्पर्ध्याची फॉईल मोडून तिचें टोंक मुखवट्याच्या जाळींतून आंत शिरलें, आणि ऑलिंपिक विजेता स्मिर्नोव्ह प्राणास मुकला. त्यानंतर मुखवटे, पोशाख आणि पात्यांचें पोलाद यांविषयींचे नियम कडक झाले. जेथें उत्तम साधनें असतां असें घडलें, तेथें उघड्या चेहऱ्यानें काठ्या परजणें हें शौर्य नव्हे. मंडळाजवळ दोनच मुखवटे असतील, तर दोघांनींच खेळावें. बाकीच्यांनीं पावलें करावींत आणि पंचाचें काम शिकावें. मुखवट्यांत केलेली काटकसर एखाद्या मुलाच्या डोळ्यास महाग पडेल.

दुसरी गरज जाणत्या शिक्षकाची. छत्रपती संभाजीनगर येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांत तलवारबाजीचें शिक्षण मिळतें. एका शाळेच्या व्यायामशिक्षकानें जरी ही विद्या नीट शिकून घेतली, तरी पहिलें वर्ष निभावेल. आईबापांस पदकांचीं स्वप्नें मात्र दाखवूं नयेत. वेळेवर येणारा, आधीं अडवून मग वार करणारा आणि लागलेला वार स्वतः सांगणारा मुलगा किंवा मुलगी वर्षभरांत तयार झाली, तर मंडळानें घेतलेले श्रम सार्थकीं लागले, असें समजावें.

सामना संपला कीं दोघांनीं मुखवटा काढावयाचा आणि तलवारीनें एकमेकांस वंदन करावयाचें, असा या खेळाचा नियम आहे; मोकळा हात पुढें करावयाचा, हाहि २०२३ पर्यंत सक्तीचा नियम होता. हरलेल्यासहि वंदनांतून सूट नाहीं. हें दोन्ही पहिल्याच दिवशीं शिकवावें. त्यासाठीं तलवार हातीं येण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.