झाडांचा काय गुन्हा?



अमेरिकेत आलाबामा नावाचे राज्य आहे. तिथल्या ऑबर्न आणि आलाबामा या दोन विद्यापीठांत फुटबॉलची जुनी चुरस. २०१० साली ऑबर्न जिंकले, २८ विरुद्ध २७ गुणांनी. एका गुणाची हार! आलाबामाच्या एका चाहत्याला ती सोसवली नाही. ऑबर्नच्या चौकात दोन जुने ओक वृक्ष होते. लोक जिंकल्याचा आनंद तिथेच साजरा करीत. या गड्याने त्यांच्या मुळांशी तणनाशक विष घातले. झाडे वाचली नाहीत. २०१३ साली ती तोडावी लागली. तो माणूसही तुरुंगात गेला.

झाडे का मैदानात खेळली होती?

कबड्डीच्या सामन्यात आम्हीही घसा बसेपर्यंत ओरडलो आहोत. खुशाल ओरडा. पण शिट्टी वाजली, की चुरस मैदानातच ठेवून घरी या.