अडकलेला कणा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एसेक्स परगण्यांतील पुष्कळ खाड्या ओहोटीला कोरड्या पडतात. उरतो तो चिखल. म्हणून तेथील लहान शिडाच्या अनेक होड्यांना तळाचा कणा उचलतां येईल असा ठेवतात. हा कणा म्हणजे बहुधा ओतीव लोखंडाचा जाड पाटा. होडीच्या मध्यभागीं एका अरुंद पेटींत तो खिळीवर फिरतो आणि चरखीच्या तारेनें वर-खालीं होतो. तो खालीं असला म्हणजे होडी वाऱ्याच्या तोंडीं चढूं शकते. वरच अडकला तर शीड कितीहि ताणलें तरी ती आडवी वाहवत जाते.

कल्पना जुनी आहे. जॉन शँक या आरमारी अधिकाऱ्यानें १७७४ मध्यें अमेरिकेंतील बोस्टन येथें सरकत्या कण्याची होडी बांधली. तीन सरकते कणे असलेलें ‘लेडी नेल्सन’ हें जहाज १८०० मध्यें सिडनीस पोंचलें. मात्र १८०२ मध्यें कण्यांची व नांगरांची हानि झाल्यानें त्याला फ्लिंडर्सच्या सफरींतून परतावें लागलें.

कणा अडकतो तो बहुधा हिवाळ्यांत. होडी चिखलांत बसून राहते; वाळू, गोटे, शिंपले पेटींत चढतात. त्यांत गंज. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, हें शाळेंत शिकलेलें असतें. वसंत ऋतूंत होडी पाण्यांत लोटणाऱ्याला तें आठवत नाहीं. तो चरखी सोडतो, तार सैल पडते, कणा जागचा हलत नाहीं.

खरा धोका या सैल तारेंत आहे. उतावळा मनुष्य आणखी तार सोडतो आणि तसाच निघतो. मग एखादी लाट आपटते, कणा अवचित सुटतो आणि सगळें वजन एकदम तारेवर येतें. तार तुटते; पेटी फुटली तर पाणी आंत शिरतें.

शहाणा मनुष्य प्रथम तार ताणून घेतो. होडी यारीनें उचलवून भक्कम ठोकळ्यांवर ठेवतो आणि कण्याखालीं, बोटभर अंतर सोडून, वेगळे ओंडके रचतो. अधांतरीं कण्याखालीं हात घालणें हा निव्वळ वेडेपणा. नंतर पेटींत वरून गंज सोडविणारें पातळ तेल ओतून दोन-तीन दिवस स्वस्थ बसावें. हेंच कित्येकांना जमत नाहीं. मग पोलादाची लांब पातळ पट्टी कण्याच्या दोन्ही बाजूंनीं करवतीसारखी चालवावी, म्हणजे शिंपले आणि गंजाचे पापुद्रे गळूं लागतात. शेवटीं वरून कठीण लाकूड ठेवून हलके ठोके. कणा ओंडक्यांवर टेकला कीं एकेक ओंडका काढीत त्याला तारेच्या आधारानें उतरवावें.

पुष्कळदा इतक्या खटाटोपानंतर पेटींतून खालीं पडतो तो सुपारीएवढा एक गोटा.