१८ वर १८ शून्ये
(गणेशोत्सव कार्यक्रमात युवा विभागाने मांडलेले विचार)



“तासन् तास त्या अंतराळात शोधता तरी काय रे?” हा प्रश्न आम्हां मुलांना घरोघरी ऐकावा लागतो. आज त्याचं उत्तर देतो.

इंग्लंडमधल्या हॅलो गेम्स या छोट्या कंपनीचा ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये आला. त्यातल्या ग्रहांची संख्या १८ वर १८ शून्ये, त्याहूनही थोडी जास्तच. सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी ५८ हजार कोटी वर्षं लागतील! हे ग्रह कुणी एकेक करून रंगवलेले नाहीत. एका आकड्यावरून ठरलेले नियम डोंगर, हवा, प्राणी घडवतात. तोच आकडा दिला की तोच ग्रह पुन्हा उभा राहतो. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच हे: ठिपके ठरलेले, आकृत्या अगणित.

गोडी कशाची? अभ्यासात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच छापलेलं असतं. इथे मात्र आम्ही उतरतो त्या ग्रहावर बहुधा आधी कुणीच आलेलं नसतं. त्याला नावही आम्हीच द्यायचं.

पण बरेच ग्रह पाहिले की ठिपके दिसू लागतात. रंग बदलतो, घडण तीच. १९८४ च्या ‘एलिट’ या खेळाच्या प्रकाशकांनी हे आधीच ओळखलं होतं. कर्त्यांना अब्जावधी आकाशगंगा देता येत होत्या; प्रकाशकांनी आठच ठेवायला लावल्या, म्हणजे साचा उघडा पडू नये. दुसरा दोष असा, की शेवटचा ग्रह कधी येतच नाही. उठायची वेळ खेळ सांगत नाही, ती आम्हालाच ठरवावी लागते.

‘नो मॅन्स स्काय’ आला त्याच आठवड्यात दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोहोचले, पण त्यांना एकमेक दिसलेच नाहीत. खेळाडूंची मोठी निराशा झाली. पुढे घरं बांधण्याची सोय आली आणि २०१८ मध्ये सोबत्यांबरोबर नीट खेळता येऊ लागलं, तेव्हा दूर गेलेले अनेक जण परतले. म्हणजे उणीव ग्रहांची नव्हती, शेजाऱ्यांची होती.

म्हणून पालकांना एकच विनंती. “किती वेळ खेळलास?” हे जरूर विचारा. त्याबरोबर “कुणाबरोबर खेळलास, कुठल्या ग्रहावर पुन्हा जावंसं वाटतं?” हेही विचारा. उत्तर आलं नाही, तर आम्हाला खुशाल मांडवात कामाला बोलवा.

गणपती बाप्पा मोरया!