‘तमस’मधील नथू
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



अभिनय म्हटला की पल्लेदार संवाद आणि टाळ्यांचा कडकडाट आपणांस आठवतो. आज आम्ही स्मरण करून देणार आहोत ते मात्र जवळजवळ मुक्या अभिनयाचे. भीष्म साहनी यांच्या हिंदी कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी निर्मिलेली ‘तमस’ ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर झाली. फाळणीच्या सुमारास पंजाबात उसळलेले दंगे हा तिचा विषय.

आरंभीच ओम पुरी यांचा नथू भेटतो. नथू चामडे कमावणारा. गुरांच्या डॉक्टरास डुक्कर हवे आहे, अशी थाप मारून एक ठेकेदार ते मारण्याचे काम त्याच्या गळ्यात घालतो. कोंदट खोली, रात्रीची वेळ, बिथरलेले जनावर आणि या कामाची सवय नसलेला एकटा नथू! घामाने निथळणारे अंग, चढलेला श्वास, किळस आणि भीती यांतून ओम पुरी सारे सांगतात. पुढे तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर आढळते आणि शहर पेटते. हे आपल्याच हातून घडले, ही जाणीव नथूच्या मुद्रेवर उमटते, तेव्हा पाहणाऱ्याची मान खाली जाते.

मालिका बंद पाडण्यासाठी काहींनी न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहून परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ सालीच ती ग्राह्य धरली.

१९७६ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’ या मराठी चित्रपटातही ओम पुरी होते. घाशीराम काय अन् नथू काय, दोघेही थोरांच्या हातची हत्यारे. परंतु घाशीराम सत्तेच्या लोभाने विकला गेला, नथू अजाणतेपणी वापरला गेला. हा थोर नट २०१७ साली निवर्तला.

बंधुभगिनींनो, ज्ञातीच्या व्यासपीठावरून आम्ही हे मुद्दाम बोलत आहोत. नथूने आपले दुःख कोणाच्या ओसरीवर जाऊन सांगावे? तो आपल्या दारी आला असता, तर आपण त्यास आत बसविले असते काय? आपल्या मुलांच्या हाती कोणी दगड वा झेंडा देऊ लागला, तर ‘कशासाठी?’ असे विचारण्यास त्यांना अवश्य शिकवावे. परंतु त्याआधी नथूसाठी आपल्या घरी एक पाट मांडून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.