सासूबाईंच्या पोटऱ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. पण घरात घडले ते सर्वांना सांगावे, असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून उभी आहे.

माझ्या सासूबाईंना १२ वर्षांपासून मधुमेह. मंडईत जाताना अर्ध्या वाटेवर त्यांच्या पोटऱ्या दुखू लागत. कुणाच्या ओट्यावर घटकाभर टेकल्या की बरे वाटे. उठून चालू लागल्या की पुन्हा तेच. मी मनात म्हणे, पिशवी उचलायची वेळ आली की बरे यांचे पाय दुखतात! पुढे अंगठ्याला चप्पल लागली, ती त्यांना कळलीसुद्धा नाही. जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. तेव्हा डॉक्टरांनी मला सारे समजावून सांगितले.

स्नायू म्हणजे चूल. साखर हे सरपण आणि रक्तातला प्राणवायू म्हणजे वारा. मधुमेहात इन्शुलिनचे काम नीट होत नाही, म्हणून सरपण दाराशी पडून राहते, चुलीत पुरेसे जात नाही. शिवाय ही जादा साखर वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडवते. अस्तर धड असले की गरजेप्रमाणे वाहिनी रुंदावते. ते बिघडले की वाहिनी ताठर होते, आत चरबी साचते, वाट अरुंद होते. बसल्या जागी तेवढे रक्त पुरते. चालताना स्नायूला कितीतरी जास्त प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की पोटरी दुखते. विसाव्याने मागणी कमी होते आणि दुखणे थांबते. म्हणजे सासूबाईंचे ते ढोंग नव्हते. साखरेने पायाचे ज्ञानतंतूही बधिर होतात, म्हणून जखम कळत नाही. आणि रक्त कमी, म्हणून ती लवकर भरत नाही.

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते, त्यावरून मागच्या २-३ महिन्यांची साखर कळते. ती तपासणी करून घ्यावी. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब ताडून पाहिला की पायाची वाट अरुंद झाली आहे का, तेही समजते.

रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्या. अनवाणी फिरू नये. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये. मिश्री सोडावी, कारण तंबाखूने वाहिन्या आकसतात. पायाला जखम नसेल तर डॉक्टरांना विचारून रोज चालावे; दुखले की थांबावे, पुन्हा चालावे. अशाने चालण्याचा पल्ला वाढतो.

आता सासूबाईंचे पाय रोज रात्री मी पाहते. त्या म्हणतात, "अगं, पुरे." मी म्हणते, "आई, पूर्वी पाहिले नाहीत, ते आता पाहते."

भगिनींनो, घरातले कुणी चालताना वाटेत थांबले, तर रागावू नका, दवाखान्यात न्या.