सांतियागोहून परतीचं तिकीट

स्पेनमधली सांतियागोची पदयात्रा संपली… की रेल्वेनं माद्रिदला परतायचं. तिकीट कधी काढावं? माझं मत, सारिया गावी पोहोचल्यावर. पदयात्रेच्या फ्रेंच मार्गावरच्या या गावाहून सांतियागो 100 किलोमीटरहून थोडं पुढे. बहुतेक जण हे अंतर पाच-सहा दिवसांत चालतात. म्हणजे सांतियागोला पोहोचण्याचा दिवस इथे कळतो. त्याआधी… पायाचे फोड वेळापत्रक मानत नाहीत!

कुणी म्हणेल, लवकर काढलेलं तिकीट स्वस्त पडतं. खरं आहे. तिथल्या रेल्वेचे, म्हणजे रेन्फेचे, दर मागणीप्रमाणे बदलतात. पण सर्वांत स्वस्त तिकिटात बदलाची मुभा कमी. गाडी चुकली… की बचत बुडाली. अपवाद 25 जुलैचा, संत याकोबाच्या सणाचा. तेव्हा गर्दी असते, म्हणून आधीच, पण बदलता येणारं तिकीट घ्या. एरवी आधी सारिया, मग तिकीट. आणि पासपोर्ट हाताशी ठेवा. आरक्षणाला त्याचा क्रमांक लागतो.