या टेबलावरून त्या टेबलावर

(इंदूर येथील मंडळाच्या सभेतील भाषण)



मी वकील नाही. कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकुनी करणारा माणूस. पण कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना कुठे अडतो, हे कारकुनाला बरोबर ठाऊक असते. म्हणून कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची तेवढीच बाजू मांडतो.

हा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. आपल्याकडे तो 'नवऱ्याविरुद्धचा कायदा' म्हणून ओळखला जातो. वाचून पाहा, त्यातला मोठा भाग सरकारी खात्यांना उद्देशून आहे. बाई ठाण्यात गेली की संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत आणि तिचे हक्क यांची माहिती पोलिसांनी तिला द्यायचीच, असे कलम ५ सांगते. "घरचे भांडण आहे, घरी जा," हे उत्तर त्यात नाही. 'आधी रिपोर्ट आणा' म्हणून रुग्णालयाने उपचार नाकारायचे नाहीत, निवारागृहाने आसरा नाकारायचा नाही. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांना आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला द्यायची. पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत. आमच्या बँकेपर्यंतही कायद्याचा हात पोचतो. स्त्रीधन ठेवलेला लॉकर किंवा दोघांचे खाते नवऱ्याने परस्पर वापरू नये, असा आदेश कलम १८ खाली मिळू शकतो.

आणि कलम ११: विधी, गृह, आरोग्य, मनुष्यबळ या खात्यांच्या कामात समन्वय ठेवायचा आणि त्याचा वेळोवेळी आढावा घ्यायचा, हे केंद्र व राज्य सरकारांवर बंधन आहे. मर्जीचा प्रश्नच नाही.

प्रत्यक्षात काय? संरक्षण अधिकारी नेमा, हे राज्यांना सांगायला २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला! कर्तव्यात कसूर करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे कलम ३३ म्हणते. पण खटल्यासाठी आधी राज्य सरकारची मंजुरी हवी. मंजुरी देणारेही तेच, नेमणारेही तेच.

आता आपल्याकडे वळतो. आपली घरे जुनी, एकत्र, बहुधा सासऱ्यांच्या नावावर. सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात मान्य केले. तरी आपण काय करतो? मंडळातली चार वडीलधारी माणसे बसवून समजूत काढतो. मानपान, देणे-घेणे यांवरून रुसवे असतील तर जरूर बसवा. जिथे हात उठला आहे तिथे मंडळाने मध्ये पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठाणेदारही मग "तुमच्या समाजात मिटवा" म्हणून मोकळा होतो. त्याला ती सवलत आपणच देतो.

गणपतीच्या मांडवात मते मागायला सगळे पक्ष येतात. यंदा त्यांना एवढेच विचारा: आपल्या भागाचा संरक्षण अधिकारी कोण, बसतो कुठे, आणि पोलीस, रुग्णालय व महिला-बालविकास खाते यांची आढावा बैठक शेवटची कधी झाली? याच प्रश्नांचा कलेक्टरसाहेबांच्या नावचा अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना सह्या कराव्यात. सोमवारी मी स्वतः तो देऊन पोच घेईन.